स्वराज द्वीपला स्कूबा डायव्हिंगसाठी जाताय? मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी आटोपली की, आणि पुन्हा मुलांच्या परीक्षा संपत आल्या की, ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणी दादरचं, कुणी डोंबिवलीचं. अंदमानची तिकिटं काढून झालेली असतात, टूरवाल्याने कार्यक्रमाच्या कागदावर ‘स्कूबा’ असं लिहून दिलेलं असतं आणि बाकी सगळं अधांतरी असतं. मी डायव्हिंग करते, स्वराज द्वीपला जाऊन-येऊन असते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. यात माझं एक म्हणणं जागोजागी येईल, ते आधीच सांगते: या बेटाला वेळ द्या. घाईत केलेली डाइव्ह मजा तर घालवतेच, कधी कधी तब्येतीवरही बेतते.

स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉकच ना?

हो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. बोलण्यात आणि पाट्यांवर जुनी-नवी दोन्ही नावं चालतात. हॉटेल किंवा बोट शोधताना दोन्ही नावांनी शोधून बघा.

मुंबईहून जायचं कसं?

बेटावर प्रवासी विमानं उतरत नाहीत. विमान श्री विजयपुरमपर्यंत, पुढे बोट. मुंबईहून थेट विमान मिळालं तर साडेतीन तासांच्या आसपास लागतात, नाहीतर चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरमार्गे जावं लागतं. श्री विजयपुरमहून खासगी कॅटमरान दीड ते दोन तासांत स्वराज द्वीपला पोचवते. सरकारी बोट संथ आहे पण बरीच स्वस्त. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा आणि कुठल्या जेट्टीवरून निघायचं ते तिकिटावर वाचून घ्या.

विमान दुपारच्या सुमाराला उतरणारं असेल तर त्याच दिवशी बोट गाठायचा हट्ट धरू नका. मुंबईहून पहाटेचं विमान म्हणजे मध्यरात्रीच घर सोडलेलं असतं, त्यात पोरं पेंगुळलेली आणि सामान उशिरा आलेलं. ती रात्र शहरात काढा. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेलं सेल्युलर जेल तिथेच आहे. सावरकरांना १९११ मध्ये तिथे आणलं आणि १९२१ मध्ये मुख्य भूमीवर परत नेलं. मराठी माणूस ती कोठडी बघितल्याशिवाय परत येत नाही, आणि ती बघायला निवांत संध्याकाळ हवी.

टूरमध्ये स्वराज द्वीपला एकच रात्र आहे. स्कूबा होईल ना?

होईल. पण तसं करू नका, असं मी कळकळीने सांगते.

एका रात्रीचा हिशोब असा असतो. दुपारी बोटीतून उतरायचं, सामान टाकून राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डाइव्ह सेंटरवर हजर व्हायचं आणि ओल्या केसांनी परतीची बोट पकडायची. या साखळीतला एक दुवा जरी निसटला, म्हणजे सर्दी झाली, वारा सुटला किंवा कान मोकळे झाले नाहीत, तर दुसरी संधीच उरत नाही. मग माणूस नाक चोंदलेलं असतानाही ‘पैसे भरलेत’ म्हणून पाण्यात उतरतो. कानाच्या पडद्याला इजा होते ती अशीच.

निव्वळ एकदा अनुभव घ्यायचा असेल तरी तीन रात्री ठेवा. डाइव्ह दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, म्हणजे तिसरा दिवस हाताशी राहतो. कोर्स करायचा असेल तर पाच रात्री हव्यात.

दुसरं कारण विमानाचं आहे. दाबाखालची हवा श्वासात घेतली की त्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त प्रमाणात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, बधिरपणा, गंभीर झालं तर पक्षाघातासारखी लक्षणं, असा तो आजार आहे. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास विमानप्रवास टाळायचा, असा सर्वमान्य दंडक आहे. मी स्वतः सरसकट २४ तास धरते. डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला घ्या आणि परतीच्या आदली रात्र श्री विजयपुरमला ठेवा, म्हणजे ही अट आपसूक पाळली जाते.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारी ते एप्रिल सगळ्यात उत्तम. समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ. डिसेंबरातही जाता येतं, फक्त मधूनमधून वारा असतो.

मुंबईकरांना सुट्टी असते दिवाळीत आणि मे महिन्यात, अडचण तिथेच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं तयार होतात आणि बोटी अचानक रद्द होतात. मेचं म्हणाल तर ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दरवर्षी पेपरात वाचतो आणि आता आपल्याकडे कधी येणार याची दिवसगणती सुरू करतो. ती बातमी साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला येते. आपल्याला ती दिलासा असते, पण तेव्हा बेटावर असलेल्यांचा समुद्र खवळलेला असतो. मेमध्येच जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात उरका.

आणखी एक गोष्ट: घड्याळ आपलंच, पण बेट खूप पूर्वेला. हिवाळ्यात पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो आणि पहाटे पाचलाच फटफटतं. सगळी कामं सकाळी होतात, डाइव्हसुद्धा. रात्री दहाला जेवायची मुंबईची सवय तिथे सोडावी लागते.

मला पोहता येत नाही. तरी चालेल?

पहिल्या अनुभवाच्या डाइव्हसाठी चालतं. तिला सेंटरवाले डीएसडी किंवा ‘ट्राय डाइव्ह’ म्हणतात. त्यात प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या सोबत असतो, बहुतेकदा मागून तुमच्या सिलिंडरला धरून. खाली किती जायचं आणि वर कधी यायचं हे तोच ठरवतो. खोलीची मर्यादा १२ मीटर असते, आणि बहुतेक जण त्याच्या निम्म्यातच रमतात.

आधी कमरेइतक्या पाण्यात सराव होतो. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारी नळी, तोंडात धरून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. नाक मास्कच्या आत बंद असतं आणि पहिली दोन-तीन मिनिटं मेंदूला हे पटतच नाही. छाती भरून येते, उठून उभं राहावंसं वाटतं. उठा, थांबा, पुन्हा बसा. त्या मिनिटांना कुणी घाई करत असेल तर स्पष्ट सांगा की मला वेळ हवा आहे. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड दाबून नाकाने फुंकर मारायची, म्हणजे पाणी खालून निघून जातं. हे उथळ पाण्यात दोन-चारदा करून घेतलंत की खाली भीती राहत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब घटतो आणि फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. श्वास चालू असेल तर ती निघून जाते, रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

खुणाही नीट शिकून घ्या. अंगठा वर करणं म्हणजे ‘मला वर न्या’. आपण एरवी ‘मस्त चाललंय’ या अर्थाने अंगठा दाखवतो, आणि हौशी मंडळी खाली तेच करतात. मग प्रशिक्षक त्यांना खरोखरच वर घेऊन येतो. ‘ठीक आहे’ म्हणायला तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल करायचा.

एवढं सगळं सांगितल्यावरही माझा सल्ला आहे की जाण्याआधी थोडं पोहायला शिका. शिवाजी पार्कच्या पालिकेच्या तलावात असो की तुमच्या सोसायटीच्या, पाण्यात तोंड घालून शांत राहता येणं हे अर्धं काम आहे.

कान दुखतात म्हणे?

काळजी घेतली नाही तर दुखतात. खंडाळ्याचा घाट चढताना कानांना दडे बसतात, तोच प्रकार पाण्यात फार झपाट्याने होतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब वातावरणाच्या एका दाबाइतका वाढतो, म्हणजे दहा मीटरवर एकूण दाब दुप्पट. त्यातही सर्वांत मोठा फरक वरच्या पहिल्या काही मीटरमध्ये जाणवतो. नाकपुड्या चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात ‘टक्’ झालं की कान मोकळा. हे पाण्यात डोकं गेल्या गेल्या सुरू करायचं आणि उतरताना दर अर्ध्या-एक मीटरला करायचं. दुखायची वाट बघायची नाही. झालं नाही तर थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. जोर लावून फुंकायचं तर मुळीच नाही.

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करा. गोळी घेऊन नाक मोकळं करून उतरणं वाईट, कारण औषधाचा असर पाण्याखालीच उतरला तर कोंडलेली हवा वर येताना त्रास देते.

कुणी करू नये?

गरोदरपणात करूच नये. दमा, फिट येणं, हृदयविकार, फुप्फुसाचा आजार, कानाची किंवा सायनसची अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय नाही. मधुमेह आणि रक्तदाबवाल्यांनीही आधी विचारून घ्यावं. प्रत्येक सेंटर एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतं. ती मुंबईतच मागवून घ्या. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ लिहावं लागत असेल तर आपल्या डॉक्टरांची सही घरबसल्या मिळते, बेटावर त्यासाठी धावाधाव होते. काही जण बोटीवर फॉर्म हातात पडला की सरळ सगळीकडे ‘नाही’ लिहितात. कृपा करून असं करू नका. तो कागद तुमच्या जिवासाठी आहे.

मुलांसाठी किमान वय १० वर्षं. आणि दहाच्या पुढचं मूलही घाबरत असेल तर ओढून नेऊ नका. उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करू द्या, पुढच्या खेपेला ते स्वतःच मागे लागेल.

पाळी असेल तर?

डाइव्ह करता येते. कप किंवा टॅम्पॉन वापरा. रक्ताच्या वासाने शार्क येतो ही भीती मनातून काढून टाका. पोट फार दुखत असेल किंवा अशक्तपणा असेल तर मात्र दिवस पुढे ढकला. हातात जादा दिवस हवा म्हणते ते यासाठीही.

चष्मा आहे.

नंबरचे मास्क बऱ्याच सेंटरवर असतात, आपला नंबर आधी कळवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात.

मालवणला स्कूबा केलंय. मग इतक्या लांब कशाला?

मालवण आणि तारकर्लीला मी नावं ठेवणार नाही. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरता येतं आणि खर्चही आवाक्यात. पाण्याखाली श्वास घेता येतो हे एकदा अनुभवायला तेवढं पुष्कळ आहे. तिथे खोली कमी असते आणि पाणी गढूळ असलं तर हाताच्या पलीकडचं नीट दिसत नाही. स्वराज द्वीपला चांगल्या दिवशी वीसेक मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं आणि प्रवाळाचा पसारा कितीतरी मोठा आहे.

प्रवाळ ही काही फक्त लांबच्या बेटांची चीज नाही. आपल्या हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. ज्या शहराच्या गढूळ पाण्यातही हा जीव तग धरतो, तिथल्या माणसांनी अंदमानला जाऊन त्यावर पाय देऊ नये, एवढी माझी अपेक्षा आहे.

खाली काय दिसेल?

पहिल्यांदा उतरणाऱ्यांना बहुधा नेमो रीफला नेतात (रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक). किनाऱ्यापासूनच चालत उतरता येतं आणि समुद्रफुलांच्या हलत्या बोटांत राहणारे नारिंगी क्लाउनफिश दिसतात. जवळ गेलं की हा बोटभर मासा घर सोडून तुमच्या मास्कवर चाल करून येतो. बोटीने गेलात तर लाइटहाउस किंवा ॲक्वेरियम नावाच्या जागी. प्रमाणपत्र असलेल्यांसाठी जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल, द वॉल, जॅक्सन्स बार अशा जागा आहेत. तिथे बाराकुडांचे थवे दिसतात, वाळूत दबा धरलेली पाकटं दिसतात.

सिटीलाइटच्या बाजारात बर्फावर पाहिलेली तांबोशी तिथे शेकड्यांनी एकत्र वळताना दिसते. मला सगळ्यात आवडतं ते हेकरूचं साफसफाईचं ठिकाण. एवढा दांडगा मासा तोंड आणि कल्ले उघडून निपचित थांबतो. मग बोटाएवढे निळ्या पट्ट्यांचे रास मासे त्याच्या तोंडात शिरून दातांमधलं, कल्ल्यांमधलं वेचून खातात. हेकरू त्यांना गिळत नाही. तिथे दहा मिनिटं न हलता तरंगत राहिलात तर पुढचं गिऱ्हाईक रांगेत आलेलं दिसतं. घाईने पोहत जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

फोटोत दिसतात तसे रंग खाली दिसत नाहीत म्हणून काही जण हिरमुसतात. पाणी आधी लाल रंग शोषून घेतं, त्यामुळे दहा मीटरवर लाल पोशाखही मातकट दिसतो. टॉर्च मारली की रंग परत येतो. आणि हेही सांगायला हवं की २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यामुळे अंदमानातले बरेच प्रवाळ पांढरे पडले. उथळ भागात काही ठिकाणी नुसता मोडका सांगाडा दिसतो, काही ठिकाणी त्यावर नवी वाढ आहे. दोन्ही बघा.

शार्क आणि मगरींची भीती?

रीफवरचे शार्क लाजाळू असतात. दिसला तर नशीब समजा. खाऱ्या पाण्यातल्या मगरी मात्र अंदमानात खरोखर आहेत आणि २०१० मध्ये स्वराज द्वीपवर मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा जीव गेला. खाडीजवळ, कांदळवनाच्या कडेला आणि अंधार पडताना पोहायला उतरू नका. किनाऱ्यावरचे फलक वाचा आणि जीवरक्षक जिथे थांबा म्हणेल तिथे थांबा.

कोर्स करायचा असेल तर?

ओपन वॉटर कोर्स करा, पाडी किंवा एसएसआय या प्रशिक्षण संस्थांचा, दोन्ही जगभर चालतात. तीन-चार दिवस लागतात. २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगणं जमायला हवं. कार्ड मिळालं की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत डाइव्ह करता येते आणि ते कार्ड आयुष्यभर चालतं. मुंबईत राहणाऱ्यांना एक सोय आहे: अभ्यासाचा भाग ऑनलाइन आणि तलावातला सराव इथेच उरकून फक्त समुद्रातल्या डाइव्ह तिकडे करता येतात. त्यामुळे सुट्टीतले दिवस वाचतात. एखादा माणूस दोनदा ट्राय डाइव्ह करायच्या विचारात असेल, तर त्याने ते पैसे कोर्सला लावावेत.

खर्च किती?

दर मोसमागणिक बदलतात. ट्राय डाइव्हला साधारण पाच ते सात हजार, कोर्सला तीस हजार किंवा वर धरून चाला. फोटो-व्हिडिओ त्यात आहेत का ते विचारा. रोख बरोबर ठेवा. एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलं आहे, तरी ऑफिसची मीटिंग तिथून करायचं वचन कुणाला देऊ नका.

सेंटर कसं निवडायचं?

स्वस्त कोण यावरून निवडू नका. फोन करून विचारा: एका प्रशिक्षकाकडे किती नवशिके? एक किंवा दोन, असं उत्तर हवं. उथळ पाण्यात सराव किती वेळ? बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का? बिघाड झालाच तर रुग्णाला कुठे नेता? प्रशिक्षकाचं कार्ड या वर्षीचं आहे का? जो माणूस या प्रश्नांवर वैतागतो त्याच्याकडे जाऊ नका. चांगली सेंटरं आनंदाने सांगतात, उलट तुम्हालाच तब्येतीचे चार प्रश्न विचारतात. प्रवास विमा घेताना त्यात स्कूबा धरलेलं आहे का तेही वाचा, पुष्कळदा ते वगळलेलं असतं.

पाण्यात गेल्यावर फोटोसाठी प्रवाळाला टेकायला किंवा समुद्रकाकडी हातात घ्यायला कुणी सांगितलं तर नकार द्या. मग तो प्रशिक्षक का असेना.

शंख-शिंपले आणता येतात?

किनाऱ्यावर सापडलेलं प्रवाळ, मग ते मेलेलं का असेना, आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कठीण प्रवाळांना संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मुलांनी खिशात काय भरलंय तेही निघण्याआधी बघा.

बोट लागते, उलट्या होतात. काय करू?

बोटीत मधोमध बसा, नजर क्षितिजावर ठेवा, सकाळी हलकं खा. गोळी घ्यायची तर निघायच्या तासभर आधी. डाइव्हच्या दिवशी झोप आणणारी गोळी नको, डॉक्टरांना तसं सांगून मागा.

जेवणाचं काय?

उत्तम. बेटावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेली कुटुंबं बरीच, त्यामुळे माशाचा रस्सा आणि भात बाजारातल्या साध्या खानावळीतही छान मिळतो. शाकाहारी थाळीही मिळते. डाइव्हच्या आदल्या रात्री दारू नको आणि सकाळी भरपेट नाश्ताही नको.

हवा बिघडून बोटी बंद पडल्या तर?

असं होतं. वादळाचा इशारा आला की बंदर प्रशासन बोटी थांबवतं, कधी एक दिवस, कधी जास्त. म्हणून बोटीची आणि मुंबईच्या विमानाची वेळ एकाच दिवसाची ठेवू नका. मध्ये एक रात्र मोकळी सोडा आणि विमानाचं तिकीट बदलता येण्याजोगं काढा. सेंटरने हवामानामुळे डाइव्ह रद्द केली तर पैसे परत मिळतात की दुसरा दिवस मिळतो, हे बुकिंग करतानाच लेखी घ्या. आणि बोटीवर चढायच्या सकाळी प्रशिक्षक म्हणाला की ‘आज नको’, तर त्याच्याशी वाद घालू नका.